वळचणीची कपबशी

बांध कोरणं हा आमच्याकडचा बिनभांडवली धंदा. त्याला बियाणं लागत नाही, पाऊस लागत नाही, दर पडायची भीती नाही. नांगरट करताना शेवटचं तास बांधाला जरा घासून काढायचं, एवढंच. वर्षाला वीतभर. बांध दर साली थोडा पलीकडं सरकतो, आणि ज्याच्या रानात सरकतो त्याला कळेपर्यंत त्याची पोरं लग्नाला आलेली असतात.

आमच्या बाबतीत हे बारा वर्षं वीतभर चाललं आणि पुढची दोन वर्षं हातभर. कारण मधे, १९६८ साली, माझे वडील गेले. कोरणारे भावकीतलेच. त्यांची मुलं आज माझ्या घरी जेवायला येतात, म्हणून नातं याहून जास्त उलगडत नाही.

रान उंब्रजच्या पूर्वेला, कृष्णेच्या अंगाला. काळी जमीन, पाऊस पडला की पायाला किलो किलो चिखल येणारी. आमचं गाव उंब्रजजवळचं, लहान. बाजार उंब्रजला, कोर्टकचेरी कराडला. वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा, बहीण आठ वर्षांची. आईला सही करता येत होती, पण सही कुठं करायची नाही हे कळत नव्हतं. तरी बांध सरकलाय हे तिच्या नजरेनं हेरलं. बांधावरचं एक बाभळीचं झाड दर वर्षी आमच्यापासून लांब जायचं. झाड चालत नाही, म्हणजे बांध चालतोय, असा तिचा साधा हिशेब. तिनं दोन शेळ्या विकल्या आणि मोजणीचा अर्ज टाकला.

ज्यांच्यामुळं ते रान आमच्याकडं राहिलं, त्यांच्याविषयी हे लिहितोय. त्यांचं नाव लिहीत नाही. का, ते शेवटी येईल. तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढं असेल. आमच्या घरातला मी, तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, त्यांना 'अरे' म्हणायचो. माझे आजोबा 'अरे' म्हणायचे, वडील म्हणायचे, म्हणून मीही. ते मला 'धाकलं मालक' म्हणायचे. पुढं ते म्हणणं त्यांनी बंद केलं आणि मला नुसतं नावानं हाक मारू लागले. त्या गोष्टीचा मला राग आला होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

त्यांच्या घराण्याकडं महारकीचं वतन होतं. आता वाचणाऱ्या पोरांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागेल. गावचा सांगावा नेणं, मेलेली जनावरं ओढणं, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढं धावणं ही सगळी राबणूक त्यात होती. पण त्यातच एक काम असं होतं की त्यापुढं पाटील-कुलकर्ण्यालाही गप्प बसावं लागे. गावची शीव कुठून कुठं जाते याचा शब्द महाराचा. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की त्यानं डोक्यावर माती घेऊन चालायचं; तो चालेल ती शीव. खोटं चालला तर त्याच्या घरावर अरिष्ट येतं, असा समज. म्हणजे जमीन एकाची, भांडण दुसऱ्याचं आणि पणाला लागलेली पोरंबाळं तिसऱ्याची.

हे वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. त्याच्या आधी दोन वर्षं, १९५६ च्या दसऱ्याला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्म स्वीकारला. मग त्या वाऱ्यात आमच्या गावच्या वस्तीनंही घरातले देव कृष्णेत सोडले. पोरं मेलेलं जनावर ओढायला येईनात. आजोबा चिडचिड करायचे. 'जय भीम' हे दोन शब्द त्यांच्या कानाला फार लागत. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांनी वाकून जोहार घालायचं सोडलं होतं, ते आजोबांनी मरेपर्यंत मनात ठेवलं.

मोजणी झाली ती १९७० च्या उन्हाळ्यात. कराडहून मोजणीदार आला. सोबत दोन माणसं, झेंड्या, फळा आणि साखळी. ती साखळी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिच्या लांबीचं गणित मला मोजणीदारानंच सांगितलं. ३३ फूट, त्याचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आपण 'गुंठा' म्हणतो तेव्हा ही साखळी चारी बाजूंनी अंथरलेली असते, हे तोवर माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पण साखळी कुठून धरायची? जुन्या टिपणात कोपऱ्याचा दगड दाखवलेला. जागेवर दगड नाही. आमचं रान तीन गावांची शीव जिथं मिळते तिथं टेकलेलं होतं, आणि नेमका तोच दगड गायब. एकानं सांगितलं, विहिरीच्या थारोळ्याला बसवला. दुसऱ्यानं सांगितलं, पुरात गेला. भावकीतल्यांनी एक जागा दाखवली, ती अर्थात आमच्या रानात बारा फूट आत होती. आई काही बोलेना. मोजणीदार टोपी काढून बांधावर बसला.

तेव्हा ते आले. कुणी बोलावलं नव्हतं. डोक्याला फडकं, हातात कुदळ. त्यांनी आधी कुणाकडं बघितलं नाही. नदीच्या बाजूच्या एका उंबराकडं बघितलं, मग मागं वळून लांबच्या डोंगराच्या एका खांडीकडं, आणि मग पायानं माती जरा उकरून म्हणाले, "हितं."

मोजणीदार म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या आज्यानं दावलं. त्येला त्येच्या आज्यानं."

"असं चालत नाही हो. कागद लागतो."

"कागद खाली हाय, सायेब."

भावकीतले हसले. एक जण म्हणाला, "त्याचं काय ऐकताय, गावकुसाबाहेरचा माणूस." त्यावर त्यांनी कुदळ टेकवली आणि अगदी शांतपणानं म्हणाले, "भाईरचा हाय म्हून तर शीव दिसती. आत बसल्याला काय दिसनार?" आणि खणायला लागले.

हातभर खोल गेल्यावर काळ्या मातीत आणखी काळं काहीतरी लागलं. त्यांनी कुदळ बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसले आणि बोटांनी माती सारली. कोळसे. चांगले मूठ-दोन मूठ, आणि त्यांच्यात खापराचे तुकडे, एकावर काळा झिलईचा पट्टा. काळ्या रानात हातभर खोल चूल कुणी पेटवत नाही. कोळसा मुद्दाम पुरलेला होता. तो कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि नांगराचा फाळ तेवढा खोल जात नाही. वरचा दगड कुणी हलवला तरी खालची खूण जागची हलत नाही.

मोजणीदारानं तिथं झेंडी रोवली आणि साखळी टाकली. पलीकडच्या एका शाबूत दगडापर्यंतचं अंतर टिपणाशी आण्यालाही चुकलं नाही. मग आमच्या बांधाची गोष्ट उघडच झाली. आठ साखळ्यांच्या बांधाला बारा फूट. जवळजवळ तीन गुंठे. आईनं डोळ्याला पदर लावला नाही. तिनं नुसतं त्या कोळशांकडं बघितलं आणि म्हणाली, "परत पुरा ते. नीट पुरा."

आज वाटतं, त्या दिवशीची सगळ्यात मोठी गोष्ट तीन गुंठे नव्हती. वतन गेलं होतं. शीव दाखवणं हे आता त्यांचं काम उरलं नव्हतं. सांगितलं असतं तरी नाही म्हणायचा त्यांना हक्क होता. ज्यांच्याविरुद्ध ते उभे राहिले त्यांच्या रानात त्यांची सून-पोरं सुगीला जात. 'वतन सोडलंस ना, मग?' असं कुणीतरी मागून बोललंही. तेव्हा ते म्हणाले, "म्या वतनाचं काम सोडलंय. ह्ये काम न्हवं. खरं हाय त्ये सांगतोय." त्या सुगीला त्यांच्या घरच्यांना तिकडून बोलावणं आलं नाही. पुढच्याही नाही. धाकटा मुलगा मुंबईला गेला तो त्यामुळंच, असं गावात बोललं जाई.

आमच्या घरी त्या संध्याकाळी ते आले, आईनं बोलावलं म्हणून. ओट्याच्या खाली उभे राहिले. आई म्हणाली, "बसा." आमच्या घरातून त्यांना मिळालेला हा पहिला आदरार्थी शब्द. ते ओट्याच्या पायरीवर बसले. मग आईनं चहा केला आणि मला खुणावलं. मी बाहेर जाऊन वळचणीला हात घातला आणि कपबशी काढली.

ती कपबशी आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होती. पांढरी, निळ्या काठाची, कपाचा कान तुटलेला. घरातली कपबशी टवकली की ती फेकायची नाही, वळचणीला ठेवायची. वस्तीतलं कुणी आलं की त्यांनी स्वतः काढायची, आईनं वरून चहा ओतायचा, पिऊन झालं की त्यांनीच विसळून परत ठेवायची. त्या दिवशी ती मी काढून दिली, एवढाच फरक. ते चहा प्याले. रांजणाजवळ गेले, थांबले. मी वरून पाणी ओतलं. कप विसळून त्यांनी तो परत वळचणीत ठेवला, उपडा, जसा रोज ठेवत तसा. आईची जीभ त्या दिवशी बदलली. कपबशी बदलली नाही.

आठ दिवसांनी आईनं पायलीभर जोंधळे देऊन मला वस्तीत पाठवलं. मी कधी तिकडं गेलो नव्हतो. ते दारात दोरी वळत बसले होते. पिशवी बघून म्हणाले, "काय म्हून आनलंस? दान म्हून का मजुरी म्हून?"

मला काही सुचेना.

"आयला इचार, आन मग ये."

पिशवी घेऊन घरी आलो. आई चुलीपुढं होती. तिनं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. भाकरी करपायला आली तेव्हा म्हणाली, "देणं म्हणून सांग." मी परत गेलो आणि सांगितलं. त्यांनी पिशवीत हात घातला, एक मूठ काढली आणि पिशवी माझ्याकडं सरकवली. "बास. बाकी ऱ्हाऊ दे. देनं एकदम फिटलं की येनं-जानं बंद हुतं."

ऋणानुबंध या शब्दावर मी पुढं बरंच वाचलं. पण त्याची इतकी नेमकी फोड मला पुन्हा कुठं सापडली नाही.

आमच्या गावाला तेव्हा गावकूस असं उरलं नव्हतं. माझ्या लहानपणी होतं. पांढऱ्या मातीची भिंत, काही ठिकाणी माझ्या डोक्यावरून हात-दोन हात उंच, मधे मधे ढासळलेली, वर गवत माजलेलं. शिवाराची माती काळी आणि गावठाणाची पांढरी. माणसांच्या वस्तीनं शेकडो वर्षं राख, शेण, ढासळलेल्या घरांची माती मिसळून झालेली. म्हणून गावाला 'पांढर' म्हणतात. ही भिंत चोर-दरोडेखोरांसाठी, असं म्हातारे सांगत. पण दरोडेखोर कधीतरी येतो, आणि भिंत रोजची असते. रोज ती कुणाला अडवत होती हे भिंतीच्या आतल्यांना दिसत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्याकडं माळवदं खचली, भिंती फाकल्या, आणि गावकुसाचा उरलेला भाग एका झटक्यात बसला. पुढच्या महिनाभरात लोकांनी ती माती उचलून नेली. कुणी भिंतीला लावली, कुणी गाड्या भरभरून रानात टाकली. पांढरीची माती खत म्हणून भारी असते. उन्हाळ्यापर्यंत भिंतीचा मागमूस राहिला नाही. तीन वर्षांनी आमच्या रानात तो माणूस 'गावकुसाबाहेरचा' ठरला, तेव्हा ज्या कुसाबाहेर तो होता ते कूस नव्हतंच.

हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात यायला चाळीसेक वर्षं आणि परदेशातला एक बांध लागला.

मी कॉलेजात इतिहास घेतला, तो त्या कोळशांमुळं. घरात सगळ्यांना वाटे, पोरगा बी.एस्सी. ॲग्री करेल. पण मला कळायला हवं होतं की कोळसा पुरायची अक्कल कुणाची. शोधता शोधता मनुस्मृतीचा आठवा अध्याय सापडला. तिथं शिवेच्या तंट्याचं सगळं प्रकरण आहे. उघड खुणा म्हणून मोठी झाडं, तळी, विहिरी, देवळं; आणि उघड खूण लोक बुडवतात म्हणून गुप्त खुणा जमिनीत पुरायच्या: दगड, हाडं, गाईचे केस, कोंडा, राख, खापरं, विटा, कोळसे, वाळू. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, लाल वस्त्रं नेसून शीव दाखवायची. मी थक्क झालो. आमच्या रानातली ती हातभर खोलीची गोष्ट दीड-दोन हजार वर्षं खोल होती. पुढं कळलं की पाचव्या शतकात संत ऑगस्टीन हाच मुद्दा मांडतो: कोळसा टिकतो, म्हणून सीमेच्या दगडाखाली घालतात.

एका सुट्टीत मी मोठ्या उत्साहानं हे त्यांना सांगायला गेलो. तोपर्यंत मी त्यांना 'अहो' म्हणू लागलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "ह्येच ते पुस्तक का, बाबासायबांनी महाडात जाळलं ते?" मी म्हटलं, हो, १९२७ साली, २५ डिसेंबरला. "आन आमच्या घराचं काय लिवलंय त्यात?" मी जरा चाचरलो. दहाव्या अध्यायात आहे, चांडाळ-श्वपचांनी गावाबाहेर राहावं म्हणून. ते खो खो हसले; दात फारसे उरले नव्हते. "म्हंजी कोळसा कुटं पुरायचा आन आमाला कुटं ठिवायचं, येकाच पुस्तकात. आन ते पुस्तक आमाला वाचून दावतोयस तू."

माझ्या अभ्यासाची दिशाच त्या हसण्यानं बदलली. जुन्या लेखांत शीव कुणी दाखवली ते मी शोधू लागलो. कराडला मिळालेला राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाचा ताम्रपट आहे, शके ८८० चा, म्हणजे इ.स. ९५९. राजा तेव्हा लांब दक्षिणेत मेलपाटीच्या तळावर होता, आणि तिथून त्यानं आपल्या या करहाट प्रांतातलं कंकें नावाचं गाव गगनशिव या शैव आचार्याला दिलं. अशा दानपत्रांत गावाचे चतुराघाट सांगतात: पूर्वेला अमुक गाव, पश्चिमेला अमुक नदी. राजाचं घराणं पिढ्यान् पिढ्यांचं येतं, घेणाऱ्याचा गुरू येतो. पुढं शिलाहार-यादवांच्या काळात दगडावर गाढवाचं चित्र कोरून शिवी घातली, की हे दान मोडेल त्याच्या आईची अशी विटंबना होवो. एवढा बंदोबस्त. पण त्या चारी बाजू पायाखाली घालून कुणी दाखवल्या, ऊन कुणाच्या डोक्यावर होतं, ते ताम्रपट सांगत नाही. पुढं मी इतिहास शिकवू लागलो, आणि विद्यार्थ्यांना हे शिकवताना मला दर वेळी एक कुदळ दिसायची.

वर्गात मी हुकमी हशा मिळवायचो तो 'मराठा डिच'चा. १७४२ साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. अर्धाच झाला, मराठे तिथवर आलेच नाहीत, आणि पुढं तो बुजवून त्यावर रस्ता केला. साताऱ्याच्या पोरांना हे ऐकून छाती फुगवावीशी वाटे. मग मी विचारायचो, आपण खंदकाच्या बाहेरच्या बाजूला आहोत, हे ऐकायला एवढं बरं का वाटतं? आपल्या गावात खंदकाबाहेर कोण आहे? हशा थांबायचा.

२०१२ साली मुलीकडं इंग्लंडला गेलो. तिनं विचारलं, लंडन दाखवू का? मी म्हटलं, मला ऑफाचा बांध दाखव. ती बांध म्हणजे धरण समजली.

आठव्या शतकात मर्सिया या इंग्रज राज्याचा राजा ऑफा यानं वेल्सच्या बाजूला हा मातीचा बांध घातला. आजही सुमारे १३० किलोमीटर शिल्लक आहे. आम्ही नाइटन नावाच्या गावी गेलो. त्याच्या वेल्श नावाचा अर्थच 'बांधावरचं गाव'. चढ चढून वर गेलो तर हिरव्या गवताची एक लांबच लांब पाठ, टेकडीवरून उतरून पलीकडच्या टेकडीवर चढणारी. त्यावर मेंढ्या. पश्चिमेला, वेल्सच्या अंगाला, खंदक. त्यातलीच माती पूर्वेकडं टाकून बांध केलेला. हीच या बांधांची भाषा: खंदक ज्या अंगाला, ते अंग परक्याचं. डेन्मार्कच्या जुन्या राजांनी जटलंडच्या बुडाशी घातलेल्या डानेव्हिर्केचीही तीच तऱ्हा.

हा बांध लढाईसाठी की नुसती हद्द दाखवायला, यावर तिकडच्या अभ्यासकांत अजून एकमत नाही. सिरिल फॉक्स नावाच्या पुरातत्त्वज्ञानं १९२० च्या दशकापासून कितीतरी उन्हाळे तो पायी पालथा घातला. त्याचं म्हणणं, ही दोन्ही बाजूंनी बोलून ठरवलेली शीव असावी. बांधावर बसून मला हसू आलं. बोलून ठरवलेली! बोलणाऱ्यांतला एक खंदकाकडं तोंड करून बसलेला आणि दुसरा वरून बघणारा. आईनं 'बसा' म्हटलं, आणि ते खालच्या पायरीवर बसले; तसंच ते बोलणं झालं असेल.

मग आणखी एक गोष्ट आठवली आणि हसू थांबलं. हा बांध ऑफानंच घातला, हे आपल्याला कळतं कशावरून? ऑफाच्या दरबारातला कागद नाही. शंभरेक वर्षांनी, ८९३ मध्ये, ॲसर नावाच्या साधूनं आल्फ्रेड राजाचं चरित्र लिहिलं, त्यात ऑफानं समुद्रापासून समुद्रापर्यंत बांध घातल्याचं येतं. आणि हा ॲसर वेल्सचा. खंदकापलीकडचा. ज्याला बाहेर ठेवण्यासाठी बांध घातला, त्याच्या मुलखातल्या माणसाच्या साक्षीवर बांध घालणाऱ्याचं नाव टिकलं. 'भाईरचा हाय म्हून तर शीव दिसती.' मी ते मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण मुलीनं विचारलं, "काय झालं, पप्पा?"

तिथंच मला आमचं गावकूस नीट दिसलं. ऑफाचा बांध आहे, पण त्याची सरहद्द निघून गेली. आज इंग्लंड-वेल्सची हद्द त्या बांधावरून थोड्याच ठिकाणी जाते. बाकी बांध एका देशात आणि हद्द भलतीकडं. त्यावरून चालायला १९७१ पासून पायवाट केलेली आहे, लोक डबे घेऊन येतात. आमच्याकडं उलटं. भिंत भूकंपानं पाडली, माती रानात खत म्हणून विरली, आणि शीव जागच्या जागी. मातीचा बांध मोडायला एक हादरा पुरला.

परत आल्यावर महामार्गाकडं बघायची नजरही बदलली. उंब्रजला पुणे-बेंगळूरू रस्त्याचा भराव गावाच्या मधून गेलाय; अलीकडची पेठ पलीकडून दिसत नाही. भराव नको, खांबांवरचा पूल द्या, आरपार दिसेल असा, ही लोकांची मागणी आहे. मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. एका सभेत बोलताना म्हणालो, मातीचा ढीग मधे आला की पलीकडचा माणूस परका व्हायला वेळ लागत नाही. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सर, आमी लई वर्षं पलीकडंच हाय." टाळ्या त्यालाही पडल्या, पण कमी.

शीव दाखवणारे ते १९८३ साली गेले. मी तेव्हा कोल्हापूरला होतो. तार उशिरा मिळाली, अंत्ययात्रेला पोचलो नाही. आई गेली होती. कुसाबाहेर गेली, वस्तीत बसली, असं बहिणीनं सांगितलं. चहा प्याली का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

आई १९९६ साली गेली. घर उतरवताना वळचणीच्या कौलाखाली ती कपबशी निघाली. कित्येक वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. कपात कोळ्यानं घर केलेलं. कामगार फेकणार होता. मी ती रुमालात बांधून घेतली.

दोन वर्षांमागं आमच्या गटाची पुन्हा मोजणी झाली. आता साखळी नाही. एक पोरगा काठीवरचं यंत्र घेऊन आला आणि आकाशातल्या उपग्रहांकडून जागा विचारून गेला. त्यानं जिथं खूण केली, तिथून कोळशाची जागा वीतभरही लांब नव्हती. तिथं नवा दगड बसवायचा होता. माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती मला फार आवडली: दगडाखाली, त्या कोळशांवर, ती कपबशी फोडून पुरायची. खापराची खूण. पुढं कधी कुणी खणलं तर ऋण सापडेल.

हे मी त्यांच्या नातवाला सांगायला पुण्याला गेलो. तो बँकेत आहे. आजोबांवर लिहायचंय, नाव घालू का, असंही विचारलं. तो म्हणाला, "नाव नको, काका. नाव आलं की लोक आडनाव बघतात, आणि आडनावावरनं शीव काढतात. आजोबांनी काय केलं तेवढं लिहा."

त्याच्या बायकोनं चहा आणला. पिऊन झाल्यावर मी कप उचलून उठलो. कशासाठी उठलो ते त्याला बरोबर कळलं. "बसा हो काका," तो म्हणाला. "कप विसळून काय व्हतंय?" मी बसलो. मग कपबशी पुरायचा बेत सांगितला. त्यानं रुमाल सोडून ती हातात घेतली, तुटक्या कानाच्या खडबडीत जागेवरून अंगठा फिरवला. आजोबा ज्या कपातून प्याले तो कप तो पहिल्यांदाच बघत होता.

"पुरू नका," तो म्हणाला. "पुरलेली खूण भांडण झाल्यावरच निघते. ही वर असू दे. तुमच्या बैठकीत ठेवा, चांगल्या कपांच्या शेजारी. लोक विचारतील. मग सांगत बसा."

तेव्हापासून ती आमच्या शोकेसमधे आहे, नाइटनहून आणलेल्या मगाच्या शेजारी. मग कुठला, हे आजवर कुणी विचारलं नाही. कपाचा कान कशानं तुटला, हे मात्र सगळेच विचारतात. परवा माझ्या सात वर्षांच्या नातीनं विचारलं. मी तिला जवळ बसवलं. सुरुवात कुठून करावी ते कळेना, मग म्हटलं, "ते माझ्याहून पन्नास वर्षांनी मोठे होते, आणि मी त्यांना 'अरे' म्हणायचो."

"का?" ती म्हणाली.